माडाखालची बेचाळीस घरं

सुरंगदांडी, जि. सिंधुदुर्ग
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय रंभाजीमामा,
सविनय जयभीम.

आईने कळवलं की तुम्हाला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही आणि समोरचा काय बोलतो याचा अंदाज बांधून तुम्ही "व्हय, व्हय" म्हणत राहता. माझ्याकडे तर रेंजच नाही. तेव्हा पत्रच बरं. पोस्टमन आठवड्यातून दोनदा होडीने खाडी ओलांडून येतो.

जुलैत इथल्या शाळेवर हजर झाले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी रडून काढले. आपल्या कोल्हारला प्रवरेच्या काठावर उभं राहिलं की समोर दुसरा काठ दिसतो, माणसं दिसतात, धुणं दिसतं. इथे समोर काहीच नाही. नुसतं पाणी, आणि त्याचा दिवसरात्र आवाज. भिंतीवरचा खिळा महिन्यात गंजतो.

पण आता जागा ओळखीची झाली आहे, म्हणून तुम्हाला नीट सांगते. सुरंगदांडी म्हणजे वाळूची एक लांब जीभ आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, आणि दक्षिणेला दोन्ही मिळतात ते मुख. लांबी तीन किलोमीटर असेल, रुंदी कुठे दीडशे मीटर, कुठे त्याहून कमी. या वाळूवर माडांची दाट राई, राईत बेचाळीस घरं, आणि मधोमध आमची अकरा मुलांची शाळा. सगळी घरं मासेमारी करणाऱ्यांची. नवल म्हणजे दोन्हीकडे खारं पाणी असून मधल्या विहिरींना गोड पाणी आहे, तेही आठ हातांवर. मी पहिल्यांदा पोहरा तोंडाला लावला तेव्हा मला खरंच वाटेना.

आता काम सांगते. किनाऱ्याचा नवा आराखडा आला आहे. त्याच्या कच्च्या नकाशात या सगळ्या जागेवर "वाळूचा पट्टा व वृक्षाच्छादन" एवढंच लिहिलं आहे. घर एकही नाही. जाळी वाळवायची जागा नाही, होड्या ओढायची जागा नाही. आराखड्यात वस्तीच नसेल तर उद्या कौलं बदलायची परवानगी कोणाकडे मागायची? मार्चच्या सुमारास तालुक्याला सुनावणी होणार आहे. हरकत नोंदवायची तर आपला नकाशा हवा असं सगळे म्हणतात, आणि "बाई, तुमी काढा" म्हणून माझ्याकडे बघतात. मला शाळेतला फळ्यावरचा नकाशा येतो. तुम्ही तेहतीस वर्षं मोजणी खात्यात काढलीत. मला शिकवाल का?

तुमची,
यशोधरा


अकोले, जि. अहिल्यानगर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधरा,
सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. मग दीपाला मोठ्यानं वाचायला सांगितलं, ऐकू येत नसलं तरी. नातीनं वाचताना तिच्या तोंडाकडे बघायला बरं वाटतं.

पोरी, मी जन्मभर प्रत्येक दगडाची उंची समुद्रसपाटीपासून लिहिली. अमुक मीटर, तमुक मीटर. पण ती समुद्रसपाटी कधी पाहिली नाही. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणालो, तोवर तुझी मामी आजारी पडली, मग राहूनच गेलं. तुझ्या पत्रातून पहिल्यांदा दिसली. वाळूच्या पोटात गोडं पाणी कसं राहतं, हे विचारून लिही. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

शिकवतो. अवघड काही नाही, फक्त चिकाटी लागते. एसटीच्या पार्सलनं तीस मीटरची फीत, ओळंबा आणि माझी पितळी पट्टी पाठवतोय. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन उभे कान आहेत, त्यातून नेम धरायचा. शाळेतला ड्रॉइंगचा बोर्ड तिवईवर सपाट बसव, वर कागद लाव. किनाऱ्यावर उघड्या जागी दोनशे मीटरची सरळ रेघ मोजून दोन खुंट्या ठोक. पहिल्या खुंटीवर बोर्ड ठेवून दिसेल त्या प्रत्येक वस्तूकडे पट्टी धर आणि रेघ ओढ. मग दुसऱ्या खुंटीवर जाऊन पुन्हा तसंच. दोन रेघा जिथं कापतील तिथं ती वस्तू. झाला नकाशा. आम्ही यालाच प्लेन टेबल म्हणायचो.

झाडीत नजर पोहोचत नाही. तिथं सरळ पायवाट धरायची, तिच्यावर फीत टाकायची आणि प्रत्येक घर वाटेपासून डावीउजवीकडे किती ते मोजायचं.

एक गोष्ट मात्र पाळ. प्रत्येक दारात स्वतः जा. आत कोण राहतं ते विचार, नाव लिही, आणि मगच कागदावर चौकोन काढ. दार न बघता काढलेलं घर मी मानत नाही.

शाळेचं जुनं दाखल रजिस्टरही शोध. गावाचा इतिहास पोथ्यांत नसतो, रजिस्टरात असतो.

तुझा,
रंभाजीमामा


सुरंगदांडी
८ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,

पार्सल पोचलं. पितळी पट्टीवर तुमचं नाव कोरलेलं बघून मुलांनी ती आळीपाळीने हातात घेतली.

सोबत नकाशा पाठवते आहे. कसा वाटला ते कळवा. माझ्या मते बरा झाला आहे, म्हणून उरलेल्या पानावर जरा गप्पा मारते.

गोड्या पाण्याचं शेवंतीमावशींना विचारलं. शेवंती सारंग, वय त्र्याहत्तर, वस्तीतल्या सगळ्यांच्या मावशी. रापण ओढताना आजही दोराला हात लावतात. रापण म्हणजे अर्धा समुद्र वेढेल एवढं मोठं जाळं. होडीने ते पाण्यात सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस जणांनी ओढायची. मावशी म्हणाल्या, पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत राहतं. "हलक्या हातान काडूचा. हावरेपना केलास काय खारा येता." म्हणून इथे कोणी विहिरीवर मोटार बसवत नाही. बेचाळीस घरांनी हे ठरवलं आहे आणि बेचाळीस घरं पाळतात.

रजिस्टर सापडलं! पहिली नोंद १९३८ची. पत्त्याच्या रकान्यात स्वच्छ "सुरंगदांडी" लिहिलंय.

तुमची,
यशोधरा


अकोले
१७ डिसेंबर २०२४

चि. यशोधरा,

नकाशा परत पाठवतोय. हा तू पायी केलेला नाहीस.

मला कसं कळलं ते सांगतो. तुझ्या पहिल्या पत्रात घरं बेचाळीस होती. नकाशात एकोणीस आहेत. विहीर एकही नाही. आणि जी घरं आहेत ती सगळी राईच्या कडेची, उघड्यावरची. म्हणजे तू मोबाईलवर आकाशातून काढलेलं चित्र कुठंतरी रेंजमध्ये जाऊन उतरवून घेतलंस आणि त्यावर कागद ठेवून गिरवलंस. खरं की नाही?

ज्यांनी तो कच्चा नकाशा केला त्यांनीही हेच केलं असणार. माडाच्या झावळ्यांखालचं घर आकाशातून दिसत नाही. त्यांना एकही दिसलं नाही, तुला एकोणीस दिसली. उरलेल्या तेवीस घरांनी तुझं काय वाईट केलंय?

हयगय चालणार नाही. दारात जा. दारात जाऊन नाव विचार.

रंभाजी


सुरंगदांडी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,

तुमचं पत्र वाचून मला राग आला होता. खरं सांगते. अकरा मुलं, चार इयत्ता, एकटी मास्तरीण, त्यात पोषण आहाराचे तक्ते. मला वाटलं, मामांना घरी बसून काय जातंय. दोन दिवस पत्र टेबलावर तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना मुलांकडे बघितलं आणि लक्षात आलं की अकरांपैकी सात मुलांची घरं माझ्या नकाशात नव्हती. त्यांची नावं मी रोज सकाळी घेते.

त्याच दुपारी फीत घेऊन निघाले.

जवळजवळ महिना लागला. शाळा सुटली की दोन तास, आणि रविवारी दिवसभर. मुली फितीचं टोक धरायच्या, मुलं खुंट्या ठोकायची. प्रत्येक दारात बसावं लागलं, कोकम सरबत प्यावं लागलं, आणि प्रत्येक दारात काहीतरी नवं कळलं. खाडीकडची नऊ घरं जोत्यावर उंच बांधलेली आहेत, कारण उधाणाचं पाणी खाडीकडून चढतं, समुद्राकडून नाही. हे मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं. समुद्राकडच्या उतारावर जांभळ्या फुलांचा जो वेल पसरलेला आहे त्याला मर्यादवेल म्हणतात. तो कोणी तोडत नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू आणून देतो, आणि मधल्या काळात या वेलाने धरून ठेवलेल्या वाळूवर वस्ती उभी असते. एका परसात माडांच्या मधे माणसाच्या छातीएवढा उंच, भोक पाडलेला दगड आहे. त्याला पूर्वी गलबतं बांधायची. आज तिथून पाणी शंभर मीटर लांब आहे. म्हणजे खाडीचं मुख पूर्वी तिथे होतं!

ते मुख हललं कधी, हे रजिस्टरात मिळालं. १९६१ साली एका पानावर सगळ्या मुलांच्या नावांपुढे लाल शाईने "गाव सोडले" असं लिहिलंय. सगळ्या, म्हणजे एकोणतीस मुलांच्या. आणि पाच महिन्यांनी पुढच्या पानावर तीच एकोणतीस नावं, त्याच क्रमाने, पुन्हा दाखल. त्यात सोळावी "शेवंती, वय ९".

मी रजिस्टर उचलून मावशींकडे नेलं. त्यांना वाचता येतं. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, तुफानात खाडीने एका रात्रीत नवं तोंड फोडलं. घरं गेली, विहिरी खाऱ्या झाल्या. सगळे पलीकडच्या गावात राहायला गेले. तिकडे जागा द्यायला लोक तयार होते. पण पाऊस पडून गेला तशी त्यांची आजी होडीतून एकटी इकडे आली, वाळू उकरली, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि परत जाऊन सांगितलं, "गोडा झाला. चला." एवढ्यावर अख्खी वस्ती परत आली.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. किनाऱ्यावर मी बोर्ड मांडून पट्टीतून नेम धरत होते. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. काय करतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, इथून एक रेघ, तिथून एक रेघ, कापतील तिथे वस्तू. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "ह्या आमका शिकवतंस? देवळाचो कळस डोंगराच्या खाचेत इलो आनि मोठी उंडी शाळेच्या कौलार इली, काय होडयेखाली खडप असा. थय जाळा टाकूचा नाय." उंडी म्हणजे शाळेजवळचं एक जुनं झाड, आणि खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. दोन रेघा, मामा! पाण्यावर, कागदाशिवाय. अशी समुद्रातली एकतीस ठिकाणं त्यांना पाठ आहेत. मी वहीत उतरवून घेतली आणि नकाशावर टाकली.

नकाशा सोबत आहे. बेचाळीस घरं, सहा विहिरी, जाळी वाळवायच्या दोन जागा, रापणीची एक, स्मशान, देऊळ, शाळा. प्रत्येक घरावर नंबर आणि मागच्या बाजूला नावं. आता तरी मानाल ना?

एक विचारते. "दारात जा, दारात जा" असं तुम्ही इतक्या कळकळीनं का लिहीत होतात? नुसती मोजणीची शिस्त वाटली नाही मला ती.

तुमची,
यशोधरा


सुरंगदांडी
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

महिना उलटला, तुमचं उत्तर नाही. मी काही चुकीचं विचारलं का? की तब्येत बरी नाही? काल पलीकडे जाऊन आईला फोन लावला. ती म्हणाली, "रंभाजीदादा ठणठणीत हाय, पर नुसता बसून असतो. कोनाशी बोलत न्हाई."

सुनावणी सहा मार्चला आहे. नकाशात काही चूक असेल तर एवढं तरी कळवा.

यशोधरा


अकोले
२७ फेब्रुवारी २०२५

चि. यशोधरा,
सप्रेम जयभीम.

नकाशात एकही चूक नाही. मी तेहतीस वर्षांत इतका चांगला शीट पाहिला नाही, माझा स्वतःचाही नाही. हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. पण तू प्रश्न विचारलास आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय दुसरं काही लिहिता येईना. चार पत्रं लिहिली, चारही फाडली. हे पाचवं.

१९८७ साली इथल्याच डोंगरात एका तलावाची मोजणी माझ्याकडे होती. बुडणारी जमीन दाखवायची होती. उंबरदऱ्याच्या उतारावर ठाकरांची वस्ती होती, नऊ घरांची. कुडाची घरं, कागदावर कुठंच नोंद नाही. उन्हाळा होता. भीमाबाई नावाची एक तरुण बाई, कडेवर लेकरू, तिनं मला आठ दिवस रोज हंड्यातलं पाणी दिलं. ते पाणी ती खालच्या ओढ्यावरून वर आणायची.

मी शीटवर नऊ चौकोन काढले होते. वरिष्ठांनी पाहिलं आणि म्हणाले, "ह्यांची नोंद आहे कुठं? नोंद नसलेली घरं दाखवलीस तर फाईल सहा महिने अडकेल. तिथं पड जमीन लिही." मी म्हणालो, "साहेब, माणसं राहतात." ते म्हणाले, "तुझी नोकरी नवी आहे ना?"

मी खोडरबर घेतलं.

यशोधरा, मी कोण होतो? ज्याचा बाप गावाबाहेरच्या वस्तीत जन्मला, ज्या वस्तीला कुठल्या नकाशात नाव नव्हतं, त्याचा मुलगा. शिकलो, सरकारी नोकरी लागली, हातात पेन्सिल आली. आणि त्या पेन्सिलीनं मी दुसऱ्याची वस्ती पुसली. तलाव झाला. खालच्या गावाला दुसरीकडे जागा मिळाली. उंबरदऱ्याच्या नऊ घरांचं यादीत नाव नव्हतं. ती माणसं सामान डोक्यावर घेऊन आणखी वर गेली, एवढं कानावर आलं. मी बघायला गेलो नाही. इथून बावीस किलोमीटर आहे. अडतीस वर्षांत मी गेलो नाही.

हे तुझ्या मामीलाही कधी सांगितलं नाही.

आता तुला कळलं. मला मामा म्हणायचं की नाही ते तू ठरव. पण सहा तारखेला सुनावणीत उभी राहशील तेव्हा एक कर. एकटी बोलू नकोस. नकाशातल्या माणसांना बरोबर ने. कागद खोडता येतो, समोर उभा असलेला माणूस खोडता येत नाही. त्या दिवशी भीमाबाई माझ्या साहेबासमोर उभी असती तर मला वाटतं त्यांचीही जीभ अडखळली असती.

रंभाजी


सुरंगदांडी
९ मार्च २०२५

मामा,

मामाच म्हणणार. दुसरं काय म्हणू? पत्र वाचून मी खूप रडले, पण रागानं नाही. एवढं ओझं माणूस एकटा इतकी वर्षं घेऊन चालतो, याचं वाईट वाटलं. आणि तुम्ही ते खरं लिहिलंत, याचा मला अभिमान वाटतो. बाकीचं बोलणं समोर बसल्यावर करू. आज सुनावणीचं सांगते, कारण ती तुमचीच आहे.

तुमचं पत्र चार तारखेला मिळालं. त्याच संध्याकाळी देवळापुढे सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की प्रत्येक घरातून एकाने यायचं. सहा तारखेला पहाटे सहा होड्या खाडी ओलांडून गेल्या. बेचाळीस घरांतली बेचाळीस माणसं. पाच घरांचे पुरुष खोल समुद्रात होते, त्यांच्या बायका आल्या. एक आजोबा खुर्चीसकट होडीत बसले.

तालुक्याच्या सभागृहात आमचा नंबर दुपारी अडीचला आला. कच्चा नकाशा करणाऱ्या कंपनीचा एक तरुण माणूस पडद्यावर चित्र दाखवून मला म्हणाला, "मॅडम, प्रतिमेत या पट्ट्यावर बांधकाम दिसत नाही. फक्त झाडं आहेत."

मी उठायच्या आत शेवंतीमावशी उठल्या. माईक हातात घेतला नाही, त्यांना लागतही नाही. म्हणाल्या, "साहेबानू, आमी माडाखाली रवतव. माडार नाय."

सगळं सभागृह हसलं. तो तरुणही हसला. पण मधे बसलेले अधिकारी हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्याकडे काही आहे का?"

मी हरकतीचा अर्ज पुढे केला आणि नकाशा टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोट ठेवून विचारलं, "हे सत्तावीस नंबरचं घर कोणाचं?" मी मागे वळून म्हणाले, "सत्तावीस." चंद्रभागा तारी उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "नऊ?" नऊ नंबर उभा राहिला. "एकेचाळीस?" खुर्चीतले आजोबा उठायला लागले, तर अधिकारीच म्हणाले, "बसा, बसा बाबा."

मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी एकपासून म्हणायला सुरुवात केली. रोज हजेरी घेते तशी. एक, दोन, तीन. आणि माणसं एकेक करून उभी राहत गेली. बेचाळीसपर्यंत.

अधिकाऱ्यांनी रजिस्टरची १९३८ आणि १९६१ ची पानं बघितली. एकतीस ठिकाणांची वही उघडून विचारलं, "ही मापं कोणी घेतली?" मावशी म्हणाल्या, "माज्या सासऱ्यान, आनि त्येच्या बापाशीन." त्यांनी ती वही शांतपणे चाळली. मग लिहून दिलं की प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी होईल आणि पाहणीत हाच नकाशा आधार धरला जाईल.

परतताना भरती होती. होड्या रांगेने चालल्या होत्या. मी मावशींना तुमच्याबद्दल सांगितलं, फक्त पट्टी पाठवणारे मामा एवढंच. त्या म्हणाल्या, "तेंका सांग, म्हावरा खावक येवा."

तुमची,
यशोधरा


सुरंगदांडी
४ मे २०२५

आदरणीय मामा,

थोडक्यात लिहिते, पोस्टमन थांबला आहे. २८ एप्रिलला पाहणी झाली. तीन माणसं आली, यंत्र घेऊन. दोन दिवसांत त्यांनी अठरा घरं आणि चार विहिरी तपासल्या. माझ्या मापात सगळ्यात मोठा फरक निघाला चाळीस सेंटिमीटर. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बाई, तुम्हाला कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं.

काल दुरुस्त केलेला भाग ग्रामपंचायतीत लागला. "सुरंगदांडी, मच्छीमार वस्ती, घरे ४२." रापणीची जागा आहे. जाळी वाळवायच्या दोन्ही जागा आहेत. मावशींनी सगळ्यांसमोर बोट ठेवून स्वतःचं घर शोधलं आणि मग शेजारणीचं.

तुमचं फेब्रुवारीनंतर पत्र नाही. या वेळी मी काळजी करत नाही. तुम्ही काहीतरी करत आहात असं मला वाटतं.

यशोधरा


अकोले
१२ जून २०२५

चि. यशोधरा,
सप्रेम जयभीम.

बरोबर ओळखलंस.

तुझ्या नऊ मार्चच्या पत्रानंतर मी आठ दिवस झोपलो नाही. मग दीपाला म्हणालो, मला उंबरदऱ्याला घेऊन चल. ती म्हणाली, तिथं काय आहे? मी तिला सगळं सांगितलं. तुला सांगून झालं होतं, त्यामुळं दुसऱ्यांदा जमलं. ती गाडीची किल्ली घेऊन आली.

जीपचा रस्ता तलावापाशी संपतो. तिथून वर दीड तास चढ. माझ्या वयाला तो अडीच तास झाला. वर एक सपाटी आहे, तिथं ते लोक गेलेत. नऊ घरांची तेवीस झालीत. नाचणीची वावरं आहेत, करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि त्या कड्यावर त्यांनी दगड रचून इतकी सुंदर ताल, म्हणजे बांध, घातलीय की पावसाचा एक थेंब माती घेऊन खाली जात नाही. कोणी इंजिनिअरनं शिकवलेलं नाही. मी ते बघत नुसता उभा राहिलो.

भीमाबाई आहे. केस पांढरे झालेत, डोळे तेच. मी तिच्यासमोर बसलो. सगळं सांगितलं, खोडरबराचं पण. तिचं बोलणं दीपा मला कागदावर लिहून दाखवत होती. मी म्हणालो, "तुम्ही मला आठ दिवस पाणी पाजलं होतं."

दीपानं लिहिलं, "पानी लई जनास्नी पाजलं. तुजं तोंड कुटं ध्यानात ऱ्हानार, बाबा."

तिला मी आठवतच नव्हतो. अडतीस वर्षं मी तिचा चेहरा घेऊन फिरलो आणि तिला मी आठवत नव्हतो. मला माफ केलं असंही ती म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मोजल्यावर काय हुतं?"

मी म्हणालो, कागदावर येतं.

"कागदावर आलं मंजी रस्ता येतो का? माजी सून बाळंतपनाला अडली हुती. चौघांनी डोलीतनं खाली न्यावं लागलं. मूल वाटंतच झालं. जगलं, पर सगळ्यांचंच जगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी नवी फीत घेऊन परत गेलो. अकरा फेऱ्या झाल्या. वस्तीतल्याच एका घरात मुक्काम असायचा. दीपा एक टोक धरायची, भीमाबाईची सून दुसरं. तेवीस घरं झाली. प्रत्येक दारात गेलो. नावं लिहिली, एकशे चौदा माणसं. मग वाट मोजली, तलावापासून भीमाबाईच्या दारापर्यंत. दोन हजार तीनशे साठ मीटर. कुठं चढ किती, कुठं वळण किती, कुठं ओहोळ आडवा येतो, सगळं शीटवर आहे. रस्ता होऊ शकतो. मी सांगतो, होऊ शकतो.

शीट काल पुरा झाला. चांगला झालाय, पण तुझ्याइतका नाही.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. तेवीस घरांतून तेवीस माणसं खाली उतरणार आहेत. भीमाबाई म्हणाली, मीच बोलते.

आता अडलंय एका ठिकाणी. मी जन्मभर लोकांचे अर्ज घेतले, त्यांवर शेरे मारले. स्वतः अर्ज कधी लिहिला नाही. काल दिवसभर कोरा कागद पुढं घेऊन बसलो. सुरुवातच जमेना. तू सुरंगदांडीचा जो अर्ज सुनावणीला दिला होतास त्याची एक प्रत परतीच्या पोस्टानं पाठव. कसं लिहायचं ते बघून शिकतो.

तुझा,
रंभाजीमामा